माझं जर्मनीतलं मरण

मु. सिरसाळा
दसऱ्याचा दुसरा दिवस

चिरंजीव गहिनीनाथास केसरआक्काचा आशीर्वाद. तुझी तब्येत आन् सत्यभामेचा खोकला कसा हाय ते कळव. इकडं टँकर चौथ्या दिवशी येतो. बाकी घरात समदे बरे हायत, मी तेवढी मेले.

काल दूध सोसायटीत त्रिंबकरावांनी पेपर वाचला. (सेक्रेटरी झाल्यापासून ते दूध कमी मापतात आन् पेपर जास्ती वाचतात.) गहिनीनाथाचं नाटक जर्मनीत तिथल्याच माणसांनी, त्यांच्याच भाषेत केलं, चाळीस खेळ झाले, एकबी खुर्ची रिकामी न्हाई. माझी छाती फुगली. पुढं वाचलं तर नाटकातली थोरली बहीण केसर टँकरच्या रांगेत तहानेनं मरते. समद्या बाया माझ्याकडं बघाया लागल्या. आता मी रांगेत मरीन कावून? माझी घागर पहिली असती, मरतील तर मागच्या. फोटोबी हाय. गोरी बाई लुगडं नेसली, पदर उजव्या खांद्यावर, डोक्यावर घागर. ती रिकामी हाय हे तिच्या मानेवरून आंधळ्यालाबी कळंल. आन् मी मेले की समदे उभं राहून टाळ्या वाजवतात म्हणं. मयताला टाळ्या, ही कुठली रीत? तुझे दाजी इचारत होते, तिकडं तेराव्याला जेवाय काय असतं.

तुझा राग मला कळतो. तीन सालामागं माझ्या डोक्याला कावळा शिवला, म्हणून मी तुला मेल्याची तार धाडली. नातलग रडले की अरिष्ट टळतं, हे आईनंच आपल्या दोघांना शिकवलेलं. तू परळी ठेसनापासून रडत आलतास. दारात आलास तर मी भाकरी थापत होते. "आक्का, आता खरंच मेलीस तरी मी यायचा न्हाई," म्हणलास आन् उभ्या पायी माघारी गेलास. (तव्यावरची भाकरी तुझीच होती. ती करपली.) मग नाटकात मला मारून टाकलंस. मार. तुझ्या एकट्याच्या रडण्यानं कावळा टळला, आता तर चाळीस खेळ थेटर भरून परकी माणसं रडली. म्हंजे मी शंभर वर्सं हलत न्हाई. हे ऐकून दाजींचं तोंड उतरलं.

पर तवापासून दोन भाऊबिजा मी चंद्राला ओवाळलं. चंद्र काय पाटावर बसून करंज्या खातो? यंदा ये. पाण्याची फिकीर करू नको, तुझ्या आंघोळीची घागर मी आजच झाकून ठेवली हाय.

तुझी आक्का
केसरबाई (जिवंत)

ता. क. त्या गोऱ्या बाईला सांग, घागरीत पाणी घालून चाल, मान आपोआप बसंल. लई रडवती म्हणं. गुणाची हाय.

आणखी एक. त्या साली कावळा शिवलाच न्हवता. तू भाऊबिजेला आला न्हवतास. यंदाबी न्हाई आलास तर मला तारसुद्धा करता यायची न्हाई. एकदा मेलेल्या बाईचं कोण खरं मानतं?