अकरा काळपट बिया

प्रिय धाकट्या,

हे पत्र दूधगाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे, कारण तुमच्याकडचा फोन चार दिवस लागत नाही. हातातलं काम टाक आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाच.

तीन वर्षांपूर्वी तू ताग पेरलास आणि कंबरेएवढा झाल्यावर हिरवळीचं खत म्हणून नांगराखाली घातलास, तेव्हा सगळे हसले होते. बाबा तर म्हणाले, "हिरवंगार पीक मातीत गाडणारा दिवटा आमच्याच घरी जन्मायचा होता!" ताग कुजला, त्यावर मका पेरलास आणि नमुना माझ्या प्रयोगशाळेत पाठवलास. प्रथिनं शंभराला आठ. पुढच्या वर्षी पुन्हा ताग गाडलास, तेव्हा नऊ. गेल्या वर्षी साडेदहा निघाली, तेव्हा मी तपासणी पुन्हा केली, इतका माझाच विश्वास बसेना. तो कागद पाहिल्यापासून बाबांनी घरात दुसरं पीठ येऊ दिलं नाही. आपल्या मक्यात दम आहे, असं येईल-जाईल त्याला ऐकवतात म्हणे.

आज वहिनीचं पत्र आलं. इकडचं तिकडचं लिहिताना मध्येच, अगदी सहज, की कोंबड्या एकेक करून माना टाकताहेत. बाबांचं पोट फुगलंय, चपला पायात शिरत नाहीत, डॉक्टर म्हणतात वय झालं. तुझी चिमी आईचं दूध सुटल्यापासून मक्याचं पातळ पीठ आवडीने खाते, पण दिवसभर नुसती पडून असते. डोळे पिवळट दिसतात, उन्हानं असेल. मी डबा खात होते, तो तसाच झाकून ठेवला.

तागाचा यात दोष नाही. पण तागाच्या बियाण्यात त्याचा रानटी भाऊबंद मिसळून येतो, खुळखुळा. तशीच रोपं, तशीच पिवळी फुलं. वेळेवर गाडला तर दोघंही मातीत जातात. गेल्या वर्षी ट्रॅक्टर उशिरा मिळाला आणि बांधाकडची पट्टी गाडायची राहिली, हे तूच सांगितलं होतंस. तिथल्या शेंगा मक्याबरोबरच वाळल्या आणि मळणीत बी दाण्यांत आलं. त्याचं विष एकदम मारत नाही रे. रोज थोडं थोडं यकृत पोखरतं.

आणि हे मला आज कळलेलं नाही. तुझा गेल्या वर्षीचा नमुना पांढऱ्या ताटात पसरला, तेव्हाच त्यात अकरा काळपट बिया दिसल्या होत्या. निवडायच्या, मोजायच्या, नोंदवायच्या, असा नियम. मी निवडल्या, मोजल्या आणि 'इतर बी : नाही' असं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझं कौतुक होत होतं, त्याला गालबोट नको म्हणून. मूठभर नमुन्यात अकरा, तर कोठीत किती असतील, हे मला कळत होतं. आज साहेबांना सगळं लेखी दिलं आहे. बाबांना आणि चिमीला लगेच मोठ्या दवाखान्यात ने, डॉक्टरांना हे पत्र दाखव. कोठीतला दाणा गुरांनाही घालू नकोस. पुन्हा माझं तोंड पाहायचं नसेल तर नको पाहूस, पण ते नंतर. आत्ता तुमची जेवायची वेळ असेल. आधी धावत जा आणि चिमीच्या पुढ्यातली वाटी काढून घे.

तुझीच,
ताई