तुमचा शेजारी, मुलुंड पूर्व

१२ नोव्हेंबर, बुध.
नवीन काम आलं. जानेवारीत अंधेरीला 'पुनर्विकास परिषद'. जुन्या सोसायट्यांच्या कमिट्या बोलवायच्या, दिवसभर भाषणं, मध्ये जेवण. पैसा एका बिल्डरचा, पण त्याचं नाव बॅनरवर खाली, बारीक अक्षरात. हॉल भरायचं काम आमचं.
शलाका (माझी बॉस, वयाने लहान, आवाजाने मोठी) म्हणाली, "मंगेश, जाहिरात वाटली तर मेलो आपण. आधी लोकांना उपयोगाचं वाचायला दे. विश्वास बसू दे. परिषदेचं नाव शेवटी, हळूच." म्हणजे आठवड्याला दोन लेख, व्हॉट्सॲपवर फिरतील असे, खाली रजिस्ट्रेशनची लिंक. लेखकाचं नाव द्यायचं नाही. सही फक्त 'तुमचा शेजारी'.
आता हा शेजारी बोलतो कसा? ऑफिसात काही सुचेना. घरी आलो तर बाबा जिन्यात उभे राहून गच्चीवरच्या टाकीला शिव्या घालत होते. बोलू दिलं. मनात टिपून घेतलं.

१६ नोव्हें., रवि.
पहिला लेख गेला. टाकी, गळती, दर पावसाळ्यात तेच डांबर आणि तोच कंत्राटदार. सगळं बाबांचं. 'सांगतो काय मंडळी' ही सुरुवातसुद्धा त्यांचीच.
शलाकाचा मेसेज : "झकास!! हाच माणूस पाहिजे. ह्याला सोडू नकोस."
कुठे सोडणार. एकाच घरात राहतो.

२३ नोव्हें., रवि.
गंमत झाली. बाबांनी मलाच लेख फॉरवर्ड केला. सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, कुणाच्या तरी साडूकडून. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे असलं सगळं त्यांच्याकडे आधी येतं. सकाळी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई चौथ्या मजल्यावरून खाली उतरली त्याला आता बरेच महिने झाले, गुडघे ऐकत नाहीत. दुसरा लेख तिच्यावरच होता. म्हणजे 'लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या एका माउली'वर. खिडकीतून दोरीने पिशवी सोडून भाजी घेणारी.
आई म्हणाली, "अगदी माझ्यासारखी आहे गं बाई ही."
बाबा : "ह्याला म्हणतात लिहिणं. नाहीतर आमचे चिरंजीव. काय लिहितोस ते कधी कळू दे आम्हाला."
हसू आवरेना म्हणून बाथरूममध्ये गेलो. सांगणार होतो. पण कामाची अट आहे, लेखक कोण ते बाहेर बोलायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मजा येत होती. इतक्या वर्षांत बाबांनी माझं कौतुक केलं ते असं, नाव न कळता.

२ डिसें., मंगळ.
मानखुर्दला गेलो. 'यशोगाथा' पाहिजे होती. ह्याच बिल्डरने घाटकोपरची एक इमारत पुनर्विकासाला घेतलेली, तिथल्या जाधववहिनींचा नंबर शलाकाने कुठूनसा मिळवलेला. तिचीही चूक नाही, तिला वाटलं इमारत उभी आहे.
इमारत नाही. पाडली तेव्हापासून पत्र्यामागे खड्डा आणि पाणी. बिल्डरकडून भाडं सुरुवातीला यायचं, मग थांबलं. वहिनी दोन मुलं आणि सासूसकट मानखुर्दला एका खोलीत. खोलीत कपाट मावत नाही म्हणून ते बाहेर, प्लास्टिक गुंडाळून. चहा दिला. निघताना म्हणाल्या, "भाऊ, लिहाल ना हे?"
मी हो म्हणालो. का म्हणालो?

३ डिसें.
लिहिलं. शेजाऱ्याच्याच आवाजात. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला लेख. बिल्डरचं नाव घेतलं नाही. फक्त सही करण्याआधी काय काय विचारा, एवढंच.

४ डिसें., गुरु.
शलाकाने वाचला. मग दार लावून, "छान आहे रे. खरंच. पण मंगेश, हा त्यांचा कार्यक्रम आहे. आपण काय पेपर चालवतो का?"
मी म्हटलं, लोकांना उपयोगाचं द्यायचं असं तूच म्हणाली होतीस.
"हो. हॉलमध्ये येईपर्यंत उपयोगाचं."
लेख गेला नाही. त्याजागी संध्याकाळपर्यंत दुसरा हवा होता, हलकाफुलका. विषय क्लायंटने दिला : प्रत्येक सोसायटीत एक असतो, जो कशालाच हो म्हणत नाही. लिहिला. चेष्टेचा. कोणताही कागद दिसला की चष्मा कपाळावर ढकलून 'ह्याची कॉपी मिळेल का?' विचारणारा माणूस.
लिहिताना डोळ्यासमोर कोणी नव्हतं असं मी इथे लिहिणार होतो. डोळ्यासमोर दुसऱ्या मजल्यावरचे कांबळेकाका होते.

७ डिसें., रवि.
वाट लागली. लेख ग्रुपवर. खाली हसणारी तोंडंच तोंडं. कोणीतरी लिहिलं, 'हे तर आपल्याकडे पण आहेत, दुसरा मजला.' बाबांनीसुद्धा अंगठा दिला.
कांबळेकाका ट्रॉम्ब्याला नोकरीला होते. दहावीला मला गणित त्यांनी शिकवलं, त्यांच्याच स्वयंपाकघरात, काकू पोळ्या लाटायच्या आणि मी चुकलो की लाटणं दाखवायच्या. आता काकू नाहीत.
जिन्यात भेटले. चष्मा कपाळावर नव्हता, खिशात होता. म्हणाले, "काय रे मंगेश, तुझं लिहिण्याचं काम ना? हा शेजारी माणूस कसा असेल रे?"
म्हटलं, काय माहीत काका.
"हुशार आहे. पण मी कॉपी मागतो ती कॉपी देत नाहीत म्हणून. दिली असती तर कशाला मागितली असती?" आणि हळूहळू खाली गेले. लाज वाटली. नुसती लाजच वाटली, बाकी काही केलं नाही.

१४ डिसें., रवि.
कमिटीची मीटिंग आमच्याच घरी. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी आलेल्या प्रस्तावांतून एक निवडला. कुणाचा ते सांगायला नको. परिषदेचा बिल्डर. आधी सगळ्यांनी परिषदेला जायचं, मग जानेवारीत सर्वसाधारण सभा आणि मतदान. बाबांनी नावंसुद्धा नोंदवली, माझ्याच लिंकवरून.
शलाका सोमवारी सांगेल, मुलुंडमधून मस्त प्रतिसाद आहे म्हणून.

२० डिसें., शनि.
आज सांगितलं. दुपारी जेवणं झाल्यावर. जाधववहिनी, खड्डा, पत्रे, कपाट, सगळं.
बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्या शेजाऱ्याच्या लेखांत तर असलं काही नाही. तो सगळं लिहितो."
"बाबा, तो शेजारी मी आहे."
हसले. मला वाटलं होतं चिडतील. ते चक्क हसले. मग लॅपटॉप उघडून दाखवलं, एकेक लेख, आणि तो न गेलेलाही. चष्मा लावून वाचला. वाचताना ओठ हलत होते.
बाबा खरे रागावले की मालवणीत शिरतात. म्हणाले, "मगे तेवा खोटा लिवलंस, काय आता खोटा बोलतंस?"
तेव्हा खोटं लिहिलं नव्हतं. टाकी गळते. लिफ्ट नाही. आईला खाली उतरता येत नाही. एक ओळ खोटी नाही त्यात.
आई पलंगावरून म्हणाली, "बिल्डर कोणताही असो रे बाबा. मला लिफ्ट हवी. एकदा खाली जाऊन देवळात बसून येईन म्हणते."

२१ डिसें.
बाबा माझ्याशी बोलत नाहीत. कांबळेकाकांकडे जाऊन आले. काय बोललात विचारलं तर "आमचं आम्ही बघू."

२३ डिसें., मंगळ.
जाधववहिनींना फोन केला. म्हटलं, माझ्या वडिलांशी एकदा बोला, फक्त झालं ते सांगा. त्या हलक्या आवाजात, "नको भाऊ. परवा बिल्डरचा माणूस येऊन गेला. थोडं भाडं दिलं, म्हणाला परिषद होऊ दे, काम सुरू करतो. आता कुठे जरा हलतंय. मी बोलले आणि परत थांबलं तर?"
बरोबर आहे म्हटलं. फोन ठेवताना त्यांनीच मला विचारलं, "तुमच्या आई बऱ्या आहेत ना?" आईबद्दल मी कधी बोललो होतो ते आठवत नाही. बहुतेक लिफ्टचा लेख वाचून ओळखलं असेल.

१० जाने., शनि.
परिषद. हॉल गच्च. मागे खुर्च्या टाकाव्या लागल्या. शलाका आनंदाने लाल. "मंगेश, हे लेखांनी आणलेत हां, लेखांनी!"
आमची कमिटी चौथ्या रांगेत. बाबांनी लग्नात घालायचा शर्ट घातलेला. शलाकाला ते माझे वडील आहेत हे माहीत नाही, मीही सांगितलं नाही. बाबांनीही माझ्याकडे ओळखीचं बघितलं नाही. मला अडचणीत आणायचं नव्हतं, हे नंतर कळलं.
प्रश्नोत्तरांत त्यांनी हात वर केला. माइक घेतला. "सांगतो काय मंडळी..." म्हणाले आणि सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं लेखातलं बोलतायत. टाकीचं बोलले. आईचं बोलले, चांगलं बोलले, माझ्यापेक्षा चांगलं. पुनर्विकास व्हायला पाहिजे म्हणाले. मग थांबून, "आता मला एवढंच सांगा, घाटकोपरच्या तुमच्या इमारतीचं काय झालं? तिथली माणसं कुठे राहतात?"
मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. वाटलं, झालं, आता सगळं बाहेर येणार.
मंचावरचा माणूस गोड हसला. "काका, छान प्रश्न. ते प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे बोलता येत नाही. पण तुमच्यासारखे जागरूक सभासद प्रत्येक सोसायटीत हवेत. जोरदार टाळ्या काकांसाठी!" टाळ्या पडल्या. जोरदारच. पुढचा प्रश्न जीएसटीवर होता.
बाबा माइक हातात धरूनच उभे राहिले. माइक फिरवणाऱ्या मुलीने येऊन घेतला.
जेवताना शलाका म्हणाली, "तो म्हातारा बघितलास? अगदी आपला शेजारी! शूट झालंय ना?"

१२ जाने., सोम.
व्हिडिओ तयार. बाबा. टाकी, आई, 'पुनर्विकास व्हायला पाहिजे', टाळ्या. प्रश्न नाही. टाळ्या त्या प्रश्नानंतरच्याच आहेत, इथे आणून लावल्यात. पुढची परिषद बोरिवलीला, तिच्यासाठी.
शलाकाला म्हटलं, ते माझे वडील आहेत.
तिचा चेहरा उतरला. खरंच उतरला. बसली. पाणी प्यायली. "अरे यार... आधी का नाही बोललास? सकाळीच गेला रे क्लायंटकडे. त्यांनी टाकलाही." मग जरा वेळाने, "छान दिसतात पण काका." मग आणखी जरा वेळाने, "बोरिवलीसाठी त्यावर ओळी लिहायच्यात, मराठीत. तू नको लिहूस. मी बघते."
तिने लिहिलेल्या ओळीत चूक होती. मीच दुरुस्त करून दिली. का दिली? सवय.

१३ जाने., मंगळ.
सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ. 'आपले सेक्रेटरी!!' 'अभिमान!' जे अजून काठावर होते त्यांनीही लिहिलं, सेक्रेटरी जाहीर पाठिंबा देतात तर आमची काय हरकत.
बाबांनी एका बोटाने टाइप केलं : 'माझे पूर्ण बोलणे यात नाही. प्रश्न कापला आहे.' खाली लगेच अंगठे आले, फुलं आली. कोणी वाचलं की नाही देव जाणे. फक्त कांबळेकाकांचं उत्तर, 'पूर्ण व्हिडिओची कॉपी मिळेल का?' त्यावर हसणारी तोंडं.
मी ऑफिसात मागितली. पूर्ण शूटिंग क्लायंटचं, बाहेर द्यायचं नाही.

१७ जाने., शनि.
उद्या सभा. सकाळी बाबा माझ्या खोलीत आले. बऱ्याच दिवसांनी. दारातच उभे.
"उद्या मला बोलायचंय. लिहून दे."
"काय लिहू?"
"तेच. खड्डा, ती बाई, सगळं. आणि तुझ्यासारखं नको लिहू, तुझं कोण ऐकतंय? त्या शेजाऱ्यासारखं लिही. त्याचं ऐकतात."
म्हटलं, बाबा, तो म्हणजे तुम्हीच आहात. तुमचंच बोलणं आहे ते, मी फक्त चोरलं.
"असेल," म्हणाले. "पण आता मी तसं बोललो की त्यांना बिल्डरचं वाटतं." आणि शेजारच्या खुर्चीत बसले, मी लिहायची वाट बघत, हात गुडघ्यांवर.
बसलोय. 'सांगतो काय मंडळी' लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. खड्ड्याचं एक वाक्य झालं. ते नीट झालंय, गोळीबंद, कुणालाही पटेल असं. ह्याचीच आता भीती वाटते. दुसरं सुचत नाहीये. बाबा कागदाकडे बघतायत.
आतून आई विचारतेय, "मंग्या, लिफ्टचं ठेवलंयस ना रे?"