तिला भीती वाटत नाही

पप्पा, तुमच्या नातीने रविवारी जेवताना सांगून टाकलं की ती दृढीकरण घेणार नाही, चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभी राहून आपला विश्वास कबूल करणार नाही. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. कपाळ तुमचं आहे, आणि एकदा बोललं की विषय संपला, हा स्वभावही तुमचाच. आमच्या इथल्या त्सुफेनहाउझेनच्या चर्चमध्ये वर्षभर ती तयारीच्या वर्गाला गेली, निळा ड्रेस आणून कपाटात लावलाय, आणि ब्रेत्सेल पावाला लोणी लावता लावता ती म्हणते, "माइने एन्टशायडुंग, मामा." निर्णय माझा, आई. आहेच तिचा. इथे चौदा पूर्ण झाली की आपला धर्म मुलंच ठरवतात, तसा कायदाच आहे. पाळकबाईंना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, जबरदस्तीचं दृढीकरण काय कामाचं? नवरा म्हणतो, "अगं, वय आहे तिचं. बदलेल."

मला नगरचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. रविवारी उपासनेनंतर मटण तुम्हीच करायचात. एका रविवारी तुम्ही चर्चमध्ये याकोब आणि एसाव यांच्यावर संदेश दिला होता. दोघं जुळे, अजून आईच्या पोटात, हातून ना बरं घडलेलं ना वाईट, आणि देवाने याकोबाला निवडलं, एसावाला नाही. मी वाटण वाटतेय आणि अचानक विचारते, "पप्पा, मी एसाव असेन तर?" तुम्ही आधी खेकसलात, "वाटणाकडे बघ." मग मी रडतेय हे पाहून पळी खाली ठेवलीत. "घाबरलीस ना? मग तू देवाचीच. ज्याला निवडलेलं नसतं त्याला ही भीती शिवतसुद्धा नाही."

या एका वाक्यावर मी आजवर जगले, पप्पा. इथे आल्यावर, परक्या भाषेत, प्रार्थनाही सुचत नव्हती तेव्हासुद्धा भीती वाटली की मला बरं वाटायचं. म्हणून रविवारी मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" तिने मान वर केली. "वोफोअर?" कशाची? उद्धटपणा नव्हता हो. तिला खरंच कळत नव्हतं मी काय विचारतेय.

आता मला सांगा, मी काय करू? निर्णय तिचा असेल तर तिला समजावता येईल, हातापाया पडता येईल. पण तो देवाने ती जन्मण्याआधीच केलेला असेल, आणि त्यात तिचं नाव नसेल, तर मी कुणाशी भांडू? मी फार घाबरलेय. आणखी एक आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही माझा हात धरून नुसते हसलात. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. तेव्हा मला केवढा धीर आला होता. आता ते हसू आठवलं की पाठोपाठ तुमचंच वाक्य येतं, निवडलेलं नसतं त्याला भीती शिवतसुद्धा नाही, आणि मी घाईघाईने कपड्यांच्या घड्या करायला घेते.

हे तुम्हाला पोचणार नाही. पोचणार असतं तर लिहिलंही नसतं. काल तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहून मी देवाकडे तिच्यासाठी भीती मागितली. थोडीशीच, मला दिली होती तेवढी. आत ती गुणगुणत दप्तर भरत होती. माझ्याच्याने आमेन म्हणवलं नाही.