एकशेवीस मिनिटांचा संयम

सोमवार, ६ सप्टेंबर २००४. दु. १२.४०
मेमो मिळाला. अकरा वर्षांत पहिलाच. (२००१ चा धरत नाही, तो तोंडी होता.)
कारण क्षुल्लक. मुंबईच्या पर्सोनेल साहेबांनी मेलवर विचारलं की मुरबाड कारखान्याच्या स्टोअरमधल्या बारा बादल्या कुठे गेल्या. मी उलट मेल टाकली की माझ्या किन्हवलीच्या घरी या, माळा बघा, खाटेखाली वाका, सापडल्या तर घेऊन जा. सगळी कॅपिटलमध्ये. त्यात राग नव्हता. कॅप्स लॉक अडकला होता. आधी मी दाबला, मग अडकला.
वर्क्स मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, तारमळे, तुम्ही माणूस चांगले, पण मेल लिहू नका. मी म्हटलं, बरं.
आजपासून राग बंद. कायमचा.

सं. ६.१०
बादल्या सापडल्या. माझ्याच टेबलामागे होत्या. मुंबईला कळवायची गरज वाटत नाही.

मंगळवार, ७ सप्टेंबर. स. ११.२५
राग आला. मुंबईहून ‘बादल्यांचं काय झालं’ अशी आठवण. उत्तर लिहून पाठवलंसुद्धा होतं. पण डिस्पॅचच्या संघरत्ना मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांनी ते आउटबॉक्समधून काढून टाकलं. विचारलं नाही, काही नाही. बाई शहापूरहून रोज दोन एसट्या बदलून येते, त्यामुळे तिला कशाचीच भीती राहिलेली नाही.
मॅडमनी सांगितलं की कॉम्प्युटरला एक नियम लावता येतो. मेल पाठवली तरी ती दोन तास आउटबॉक्समध्ये थांबते. तेवढ्यात डोकं थंड झालं तर खोडायची. एकशेवीस मिनिटांपेक्षा जास्त लावता येत नाही. तुमच्यासाठी दोन दिवसांचा लावला असता, असंही म्हणाल्या.
तीन मिनिटांत लावून दिला. ही कल्पना माझ्या डोक्यात केव्हापासून होती, फक्त बटण माहीत नव्हतं.

गुरुवार, ९ सप्टेंबर
अप्रतिम सोय. सकाळी ९.३० ला मुंबईला एक खरमरीत मेल. १०.४५ ला वाचली, हसलो, खोडली. कोणाला पत्ता नाही. सगळ्या तालुक्याने असं केलं तर पोलीस ठाणं बंद पडेल.
मॅडम आल्या आणि उगाच गणित सांगून गेल्या. ऑफिसला फोनची लाइन एकच. त्यामुळे नेट दिवसातून दोनदाच जोडतात, अकराला आणि चारला. पाटाला पाणी सोडल्यासारखं. मॅडम ओरडतात, कोणी फोन उचलू नका, आणि पाच मिनिटांत जे जायचं ते जातं, यायचं ते येतं. म्हणजे मी दोननंतर लिहिलेली मेल चारच्या पाण्याला लागणार नाही, दुसऱ्या दिवशी अकराला जाणार. आणि गुरुवारी दोननंतर लिहिली तर शनिवारी, कारण विजेच्या कपातीमुळे आमची सुट्टी शुक्रवारी.
मी म्हटलं, मॅडम, मी स्टोअर सांभाळतो. आत काय, बाहेर काय, मला शिकवू नका.
घरी मीनाला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता विचारलं, तोंडालाबी तसाच काय बसवून मिलतं का ते बघा.

मंगळवार, १४ सप्टेंबर
आज एका दिवसात पाच मेल. पाचही पर्सोनेल साहेबांना. पहिलीत त्यांच्या अकलेबद्दल, दुसरीत टायबद्दल, तिसरीत भातसाच्या पाण्याबद्दल. धरण आमच्या तालुक्यात, पाणी पितात हे, आणि वर आम्हालाच विचारतात की बादल्या कुठे! चौथी व पाचवी इथे लिहिण्यासारखी नाही.
पाचही वेळेत खोडल्या. अंग हलकं झालं. पूर्वी मी फार जपून लिहायचो. आता मोकळेपणा आला आहे. संयम म्हणतात तो हाच असावा.

बुधवार, १५ सप्टेंबर
काल खोडल्या त्या पाच नव्हेत, सहा. सहावी बेअरिंगच्या ऑर्डरची होती. दोन नंबरचं मशीन बंद. वर्क्स मॅनेजरना ‘सिस्टिमचा दोष’ असं सांगितलं. पुढच्या वेळी नीट बघून खोडायचं.

मंगळवार, २१ सप्टेंबर
गणपतीची सुट्टी संपली. मोदक अजून पोटात.
मुंबईहून सर्क्युलर. दहा वर्षांपेक्षा जास्त कंत्राटावर असलेल्यांना परमनंट करणार. खातेप्रमुखाची शिफारस हवी. फक्त मेलने. ३० सप्टेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत.
माझ्या खात्यात एकच माणूस, जैतू. डोळखांबच्या वरच्या पाड्यावरचा. चौदा वर्षं झाली. गोणी उचलतो, गेट बघतो, चहा आणतो, आणि कुठला नटबोल्ट कुठल्या फळीवर आहे ते माझ्यापेक्षा (जवळजवळ माझ्याइतकं) त्याला माहीत. दर वर्षी दिवाळी झाली की त्याची बायको लहानी वीटभट्टीवर जाते, ती पाऊस तोंडावर आला की परतते. आता तिची छाती भरते, धुरात खोकते. जैतू परमनंट झाला तर तिला जावं लागणार नाही, दवाखान्याचं कार्डही मिळेल.
टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, साएब, माझा तेवडा लिवा हां. औंदा लहानीला भट्टीवं नाय धाडायची.
मी म्हटलं, जैत्या, झालं म्हणून समज.

शनिवार, २५ सप्टेंबर
जैतूची मेल सुरू. अशी मेल घाईत लिहायची नसते. पहिल्या वाक्यात ‘सिन्सिअर’ की ‘ओबिडियंट’ यावर सकाळ गेली. डिक्शनरी मागवली. डिक्शनरी जैतूच घेऊन आला.
संघरत्ना मॅडम म्हणाल्या, तीन ओळी लिहा आणि सोडा, नाव, वर्षं, शिफारस. बाईंना भाषेची आवड नाही.

बुधवार, २९ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. शुभ कामाला बरा दिवस नव्हे. उद्या.
जैतूने विचारलं, गेला का साएब? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय.

गुरुवार, ३० सप्टेंबर. दु. १.४०
अकराच्या नेटला मुंबईची आठवण आली. ‘मुरबाड स्टोअर्स, नेहमीप्रमाणे, अजून शिफारस नाही.’
नेहमीप्रमाणे?
आत्ताच एक उत्तर लिहून मोकळा झालो. आजवरचं सर्वोत्तम. खुर्च्या उबवणं, बादल्या, भातसा, टाय, सगळं आलं. शेवटी ‘युवर्स फेथफुली’. शोभेसाठी सगळ्या डायरेक्टरांना कॉपीत घातलं. खोडायचीच आहे, तर कंजुषी कशाला? दोन तास हातात आहेत.

दु. २.२५
जैतूची मेल पूर्ण. दीड पान. ‘सिन्सिअर’ आणि ‘ओबिडियंट’ दोन्ही घातले. पाठवली. पाचच्या आत, बरं का! जैतूला हाक मारून स्क्रीनवर त्याचं नाव दाखवलं. त्याने हात पुसून काचेला लावला.

सं. ७.००, घरी
साडेतीनला जैतूने चहा आणि स्वतःच्या खर्चाने कांदाभजी आणली. नको म्हटलं तरी ऐकेना. भजी खाता खाता त्याला ईमेल कशी जाते ते समजावलं. तारेतून, मग आकाशातून, मग मुंबईत. त्याने विचारलं, आता पोचली असंल? म्हटलं, साहेब वाचत बसले असतील. मध्येच मॅडम ‘फोन उचलू नका’ ओरडल्या, त्यामुळे माझं एक वाक्य वाया गेलं.
पाच पंधराची एसटी पकडली. बसायला जागा मिळाली. चांगलं काम केलं की अशी मिळते.

शुक्रवार, १ ऑक्टोबर. स. ११.००
सुट्टी. अंघोळ करताना ती सर्वोत्तम मेल आठवली. खोडायची राहिली. चिंता नाही, आउटबॉक्समध्ये आहे. उद्या पहिलं काम ते.
चांगली मेल गेली, वाईट थांबली. यंत्रालासुद्धा पारख असते.

शनिवार, २ ऑक्टोबर
गांधी जयंती, सुट्टी. लक्षातच नव्हतं. दिवसभर अहिंसा पाळली. मीनाने दुधीची भाजी केली तरी बोललो नाही.

रविवार, ३ ऑक्टोबर. स. ९.५०
कॉम्प्युटर उघडला.
सर्वोत्तम मेल आउटबॉक्समध्ये नाही. ‘पाठवलेल्या’त आहे. गुरुवार, चार वाजून दोन मिनिटं.
जैतूची आउटबॉक्समध्ये आहे.

स. १०.३०
पुन्हा बघितलं. तसंच आहे.
१.४० अधिक दोन तास, ३.४०. चारच्या पाण्याला लागली. २.२५ अधिक दोन तास, ४.२५. नाही लागली. हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.
मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या, स्क्रीन वाचली, आणि गेटकडे निघून गेल्या. एरवी गणित सांगतात.

स. ११.०५
जैतूची मेल गेली. आज गेली, पण गेली. मजकूर इतका चांगला आहे की तारीख कोण बघतो?

सोमवार, ४ ऑक्टोबर
तारीख बघितली.
मुंबईचं उत्तर, दोन ओळी. यादी गुरुवारी पाचला बंद झाली. मुदतीत मुरबाड स्टोअर्सकडून एकच मेल आली, ती संचालकांसमोर ठेवली आहे.
मेमो क्रमांक दोन. माझी बढती होती म्हणे. आता नाही. ते सोडा.
जैतूने चहा ठेवताना विचारलं, काय आला का साएब? मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे.
उद्या सांगतो. अशा गोष्टी थंड डोक्याने सांगाव्यात.

सोमवार, ११ ऑक्टोबर
सांगितलं नाही. आज त्याची मान लचकली होती. दुखण्यात दुखणं कशाला.
वर्क्स मॅनेजर मुंबईशी बोलले. माणूस भला. म्हणाले, तारमळे, चौदा तारखेपर्यंत माफीची एक मेल टाका, साधी, ते जैतूचं नाव घालायला तयार आहेत. कागद पंधराला सही होतोय.
बघा! सगळं काही संपत नसतं. निश्चय: उद्याच माफी.

मंगळवार, १२ ऑक्टोबर
माफीसाठी मन तयार करत होतो. तयार झालं तेव्हा साडेपाच वाजले होते.

बुधवार, १३ ऑक्टोबर. दु. ३.१५
एक वाजता माफी लिहिली, पाठवली. आत्ता थंड डोक्याने वाचली. फारच लाचार वाटली. ‘मनापासून’ तीनदा आलंय. ती बादल्यांची ओळ तर पचेना. खोडली.
नियम नसता तर गेली असती. अब्रू वाचली. उद्या ताठ मानेची माफी लिहितो. शिवाय आज सर्वपित्री अमावास्या.

गुरुवार, १४ ऑक्टोबर
घटस्थापना. उत्तम दिवस. स. १०.२० ला ताठ मानेची माफी पाठवली. चारच्या पाण्याला आरामात लागणार होती.
पावणेचारला वीज गेली. सव्वासहाला आली.
यात माझा काय दोष? वीज मंडळाला मेल लिहिली असती, पण वीज नव्हती.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर
सुट्टी. मुंबईला सुट्टी नसते. तिथे आज सही झाली असेल.
मीनाने विचारलं, जेवत का नाय? म्हटलं, घट बसलेत. ती म्हणाली, ते काल बसले, काल दोनदा जेवलात.

गुरुवार, २१ ऑक्टोबर
जैतूला सांगितलं नाही. उद्या दसरा. सणाच्या तोंडावर नको.

सोमवार, ८ नोव्हेंबर
दिवाळीच्या तोंडावरही नको. आता तो विचारतही नाही. विचारायचा थांबला म्हणजे विसरला असेल. चहा वेळेवर असतो. मला तो हल्ली घशाखाली उतरत नाही. साखर जास्त होत असावी.

सोमवार, २२ नोव्हेंबर. दु. १२.३०
जैतूने रजेचा अर्ज आणला. एक दिवस. अक्षर संघरत्ना मॅडमचं. कारण: पत्नीला वीटभट्टीवर सोडणे.
ठरवलं, आता सांगायचंच. जैत्या, बस, म्हटलं. तो बसला नाही. मी सुरुवात केली: ते परमनंटचं असं झालं की कॉम्प्युटरला एक नियम असतो…
तो म्हणाला, ठावं हाय साएब. बाईनी तवाच सांगलान, आयतवारी.
म्हणजे तीन ऑक्टोबर. मी विचारलं, मग सात आठवडे काही बोलला का नाहीस?
तो म्हणाला, तुमी सांगाल म्हनून थांबलो.
आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. त्याने अर्ज माझ्यासमोर सरळ केला, पेनाचं टोपण काढून दिलं. म्हणाला, सही करा साएब, टेम्पो दोनला निंगतं, लहानी गेटावं बसलीय.
सही केली. एक मिनिटही लागलं नाही.
खिडकीतून बघितलं. लहानी बोचक्यावर बसून खोकत होती. त्याने बोचकं उचललं, ती मागून चालू लागली.

दु. ४.०५
मॅडम ओरडल्या, फोन उचलू नका. माझ्या आउटबॉक्समध्ये काही नव्हतं. आज चहाही नव्हता.
तो दोन तासांचा नियम काढून टाकायचं ठरवलं आहे. कसा काढतात ते माहीत नाही. मॅडमना विचारावं लागेल, आणि मॅडम सात आठवडे माझ्याशी बोलत नाहीत.
उद्या विचारतो.