तेहतीस इंच गाडी, अठ्ठावीस इंच पाय

तोरैपाक्कम, चेन्नई
रविवार सकाळ, दुसरी कॉफी

तीर्थरूप गुरुमामांना उपेंद्रचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द नुसता वळण म्हणून लिहिलेला नाही. गेल्या दीड महिन्यात मी तो दोनदा प्रत्यक्ष घातला आहे. फक्त समोर तुम्ही नव्हता. एकदा गणपती होता आणि एकदा पाण्याचा टँकर.)

तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणते, गुडघा उत्तम आहे, डॉक्टरांनी जिना चढा, पोहायला जा, गाडी चालवा, काय हवं ते करा म्हणून सांगितलंय, आणि तुम्ही त्यातलं काहीही करत नाही. मोटरसायकल विकून टाकल्यापासून निपाणीत तुम्ही फक्त बँकेत दिसता म्हणे, आणि वाचनालयाची पुस्तकंही आता घरपोच येतात. फोन केला तर तुम्ही ‘बरा आहेस ना? मग ठेव’ याच्या पुढे जात नाही. म्हणून हे पत्र. यात मला कुणी मध्येच तोडणार नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

तर गाडी. व्हॉट्सॲपवर जो फोटो पाठवला होता, ज्याला तुम्ही नुसता अंगठा दाखवलात, तीच. कुठल्याही रस्त्यावर, रस्ता नसला तरी चालणारी, लांबच्या प्रवासाची, उंच. त्या फोटोत मी दोन्ही हात छातीवर बांधून मोठ्या ऐटीत बसलोय ना, ते बघून आईने शेजारीपाजारी फोटो फिरवला. आता कबूल करतो. मागच्या पेटीआड शोरूमचा वेंकट नावाचा सेल्समन उकिडवा बसून गाडी धरून होता. (फोटो मोठा करून बघा, डावीकडे त्याचं कोपर दिसेल.) सीटची उंची तेहतीस इंच. माझे पाय अठ्ठावीस इंच, तेही बुटांसकट. तुमच्या घराण्यातली सहा फुटी उंची आईने माझ्यापर्यंत काही पोचवली नाही, मी पडलो सगळा बाबांच्या वळणावर. वेंकटने मला तीन वेळा नम्रपणे विचारलं की सर, एवढी उंच गाडी का घेताय? मी म्हटलं, इकडचे रस्ते खराब आहेत. त्याने पावतीपुस्तक पुढे ओढलं. रस्ते खरोखरच खराब आहेत.

आमचे घरमालक नारायणस्वामी तुम्हाला माहीत नाहीत. एकाहत्तर वर्षांचे, सब-रजिस्ट्रार ऑफिसात चौतीस वर्षं कारकून, मूळ तंजावरचे मराठी. यांच्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलतात, आणि ‘तुमच्या मराठींत हिंदी फार मिसळली हो’ असं मला दर आठवड्याला ऐकवतात, आणि लगेच बायकोला तमिळमध्ये कॉफी आणायला सांगतात. त्यांनी फर्मावलं की पूजा केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूं नये. इथली वाहनपूजा आपल्यासारखी हार घालून, नारळ फोडून संपत नाही. दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवतात, आणि मालकाने गाडीवर बसून ती लिंबं चिरडत पुढे जायचं असतं. आता मामा, तुम्हीच हिशेब करा. मुळात माझे चवडे जेमतेम लागत होते. त्यात लिंबावर गाडी आणखी बोटभर उचलली गेली. पुढचं लिंबू चिरडलं, मागचं निसटलं, मी पाय टाकला तो हवेत, आणि कोपऱ्यावरच्या गणपतीसमोर गाडीसकट आडवा झालो. गुरुजींनी मंत्र थांबवला नाही, याचं मला कौतुक वाटलं. नारायणस्वामींनी मला उठवून, धूळ झटकून, शांतपणे विचारलं, ‘पाय पुरत नाहींत, तर एवढी उंच कां घेतलींत?’ मी म्हटलं, पावसाळ्यात इथे पाणी साचतं. ते मान हलवत गेले.

टँकरचा नमस्कार चार दिवसांनी सिग्नलवर झाला. त्याचं वर्णन नको. टँकरवाला उतरून आला, त्याने आधी गाडी उचलली आणि मग मला, एवढंच सांगतो. माझं कोपर खरचटलं, पण सावनीचा चेहरा बघून मला त्याहून जास्त लागलं. ती एरवी हसून सोडून देणारी. यावेळी हसली नाही. ती म्हणाली, महिनाभर घे. घरापासून सिरुसेरीच्या तुझ्या ऑफिसापर्यंत अकरा सिग्नल आहेत. ते एकदाही न पडता जाऊन येऊन दाखव, नाहीतर गाडी विकायची. मला नवरा हवाय, प्लास्टर नको. (बरोबरच होतं हो तिचं.) नारायणस्वामींना पंच नेमलं. त्यांच्यातला कारकून असा काही जागा झाला की त्यांनी ही अट कागदावर लिहून, तारीख टाकून, आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या: ‘सिग्नलावर थांबले असतां स्वार आडवा होऊं नये.’

मग सुरू झाल्या सुधारणा. पुदुपेट्टैला, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, शेषाद्री नावाचा मेकॅनिक आहे. भला माणूस, फक्त नाही म्हणता येत नाही त्याला. मी म्हटलं, पाय टेकायला हवेत. त्याने पहिल्यांदा सीटमधला फोम कापला. फार उत्साहाने कापला. पाऊण इंच मिळाला, पण बसल्यावर आपण पोळपाटावर बसलोय असं वाटायला लागलं. ऑफिसात मी दोन दिवस उभ्याने मीटिंगा केल्या, आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर माझ्या ऊर्जेची स्तुती केली. पाय अजून टेकत नव्हतेच. मग त्याने मागच्या शॉकॉब्सरची जोडणी बदलून गाडीचं बूड दीड इंच खाली आणलं. आता चवडे टेकले! मी इतका खूश झालो की त्याला पेढे नेऊन दिले. संध्याकाळी गाडी स्टँडवर लावून घरात आलो आणि मागे धप्प आवाज झाला. गाडी खाली आली, पण तिचा साइड स्टँड होता तेवढाच राहिला, आणि आखूड गाडीला लांब स्टँड म्हणजे ती सरळ उभी राहते आणि मनात आलं की पलीकडे पडते. यावेळी तिच्या मनात नारायणस्वामींची स्कूटर आली. दुसऱ्या दिवशी शेषाद्रीने स्टँड दीड इंच कापला. तो तुकडा त्याने मला कागदात बांधून दिला, हा जपून ठेवा म्हणाला.

झालं सगळं मनासारखं, म्हणेपर्यंत स्पीड ब्रेकर आला. आमच्या गल्लीत लोकांनी स्वतःच बांधलेला आहे, चांगला वीतभर. त्याच्यावर गाडीचं पोट खर्रकन घासलं आणि ती तिथेच अडकली. पुढचं चाक पलीकडच्या उतारावर, मागचं अलीकडच्या, आणि मी मधोमध, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. मामा, डोंगर चढणारी गाडी गल्लीत अडकलेली बघायला सगळी गल्ली बाहेर आली. फुलांच्या हारांची टोपली घेतलेली एक बाई मोपेडवरून माझ्या शेजारून टुणकन उडी मारून गेली आणि जाता जाता काहीतरी बोलली. माझं तमिळ कच्चं आहे, पण शेजारी हसले त्यावरून कळलं. सावनीही हसली, महिन्यात पहिल्यांदाच, आणि मला त्याही अवस्थेत बरं वाटलं.

युक्ती शेवटी तिनेच सांगितली. सावनी सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, तिला चुकीचं माप बघवत नाही. ती म्हणाली, गाडी कापत सुटलायस, त्यापेक्षा बूट वाढव की. एवढी साधी गोष्ट! अडयारच्या चांभाराकडून बुटांना जुन्या टायरचा दीड इंच तळ लावून घेतला. चालताना मी नवऱ्या मुलाकडच्या करवलीसारखा चालतो, पण चवडा लागतो. अर्थात तो जाड बूट गिअरच्या दांडीखाली शिरेना, मग दांडी एक दाता वर सरकवली. आणि शेषाद्रीला सांगितलं, बाबा, बाकी सगळं पूर्वीसारखं कर. उंची शोरूममधून निघाली तेवढी. फोम नवा, जोडणी मूळची. तो जरा दुखावला. त्यानेही विचारलंच, मूळ उंचीच ठेवायची होती तर एवढी उंच घेतली कशाला? त्याला म्हटलं, गल्लीतला स्पीड ब्रेकर बघ एकदा.

गेल्या गुरुवारी परीक्षा झाली. महिना संपायला दोन दिवस होते. पुढे मी, मागे हेल्मेट आणि वेष्टीतले (वेष्टी म्हणजे इकडचं धोतर) नारायणस्वामी आपल्या पोचे पडलेल्या स्कूटरवर, खिशात तो सह्यांचा कागद. मला आदल्या रात्री एक गोष्ट सुचली होती: चवडा टेकण्यापेक्षा पाय ठेवायलाच उंच जागा शोधावी. म्हणून प्रत्येक सिग्नलला मी दुभाजकाच्या कठड्याला चिकटून थांबलो आणि पाय आरामात कठड्यावर ठेवला. जिथे मेट्रोचं काम चालू आहे तिथे सिमेंटचे ठोकळे आहेत, ते तर माझ्या मापानेच बनवलेत. जाताना अकरा, येताना अकरा. एकदाही डगमगलो नाही. आठव्या सिग्नलला पोलिसाने विचारलं की तुम्ही प्रत्येक वेळी कडेलाच का? तेव्हा मागून पंचांनी त्याला बराच वेळ काहीतरी समजावलं आणि त्याने मला सलाम केला. काय सांगितलं ते अजून सांगत नाहीत.

घरी पोचलो. सावनी फाटकात उभी. मी रुबाबात स्टँड लावला, उतरलो, हेल्मेट काढून तिच्याकडे दोन पावलं गेलो, आणि मागे गाडी हळूहळू, अगदी सावकाश, म्हैस पाण्यात बसते तशी डावीकडे बसली आणि मग आडवी झाली. अहो, सगळं मूळचं केलं, पण कापलेला स्टँड? तो आखूडच राहिला होता! दीड इंच माझ्या टेबलाच्या खणात, कागदात बांधलेला. मला खरंच रडू यायला लागलं. मग नारायणस्वामींनी चष्मा लावला, कागद उलगडला, अट दोनदा वाचली आणि निकाल दिला: ‘सिग्नल नव्हे, फाटक. स्वार नव्हे, गाडी. पोदुम्.’ (म्हणजे पुरे.) सावनीने कागद त्यांच्या हातून घेतला, वाचला, घडी करून पदराला गाठ मारावी तसा ओढणीत बांधला, आणि म्हणाली, चल, उचलू लाग. आम्ही तिघांनी गाडी उचलली. एकूण मी मजेत आहे.

मामींच्या फोटोला माझा नमस्कार सांगा. तुम्हालाही पुन्हा एकदा, यावेळी उभ्यानेच.

तुमचा,
उपेंद्र

ता. क. आईला टँकरचं सांगू नका. गणपतीचं सांगितलं तरी चालेल, तिला ते शुभच वाटेल.

ता. क. दुसरा. नवा पूर्ण लांबीचा स्टँड काल बसला. शेषाद्रीने अजून काय करायचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, आता काही नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा मजकूर. एवढी उंच का घेतली हे मला तिघांनी विचारलं आणि मी तिघांनाही थापा मारल्या. शोरूममध्ये शेजारीच एक ठेंगणी गाडी उभी होती. तिच्यावर माझे दोन्ही पाय टाचांसकट टेकत होते. मी लगेच उतरलो, कारण तिच्यावर तुमचे गुडघे हँडलला लागले असते. मामा, ही गाडी मी माझ्या मापाची घेतलेलीच नाही. लहानपणी तुम्ही मला टाकीवर बसवून निपाणीहून आंबोलीला न्यायचात. माझे पाय तेव्हाही टेकत नव्हते, पण मला कधी भीती वाटली नाही, कारण तुमचे टेकत होते. इथून समुद्राच्या कडेने तंजावरपर्यंत रस्ता जातो. त्याला सगळीकडे दुभाजक नाही, कठडा नाही, सिमेंटचे ठोकळे नाहीत. माझ्याने एकट्याने तो होणार नाही. तुम्ही या. तुम्ही पुढे बसा, मी मागे बसतो. तुम्ही घरात बसून राहता हे मला सहन होत नाही, आणि फोनवर मला ते बोलता येत नाही.

ता. क. चौथा. सावनीने वरचं वाचलं. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे, तिने शोरूममध्येच नजरेने माप घेतलं होतं. बेळगाव ते बेंगळुरू आणि पुढे चेन्नई अशी दोन्ही तिकिटं तिनेच काढली आहेत, येत्या अठरा तारखेची. खालचा बर्थ आहे. पाय बाहेर येतील, ते तुम्हाला नवीन नाही. लायसन्स आठवणीने आणा.