थंड खोलीतलं शेवटचं कडवं

रनाळे, मंगळवार

आदरणीय ललितनाना,

नवनीतचा दंडवत. सुरतेत तुमचं बीपी आणि वहिनींचे गुडघे आटोक्यात असतील असं धरून चालतो. (सहा वर्षं तुम्ही आमचे फोन उचलत नाही, म्हणून पत्र.) इकडची तब्येत मात्र धरून चालण्यासारखी नाही. तुमच्या धाकट्या भावाच्या, हेमकांतच्या, घशात गाठ निघाली. पुढच्या मंगळवारी स्वरयंत्र काढणार आहेत.

त्यामुळे कॉलेजपासून तीस वर्षं रखडलेला आपल्या रॉक बँडचा अल्बम आम्ही परवा, रविवारी, एका दिवसात उरकायला घेतला. स्टुडिओ म्हणून प्रकाशा गावच्या मगनभाईंची केळी पिकवायची थंड खोली मिळाली. भिंती जाड, बाहेरचा आवाज आत येत नाही. गारवा बंद करायला मगनभाई तयार होईनात (केळी महत्त्वाची), तेव्हा शाली पांघरून रॉक वाजवलं. ड्रमवर भिला. वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये काढल्यामुळे गिटार चढली की त्याचा हात आपोआप वरातीकडे वळतो; मरणावरच्या गाण्यात मगनभाई नाचले. हेमकांत दोन ओळी म्हणायचा, रुमालातलं रक्त बघायचा, पुन्हा म्हणायचा. असं करत शेवटचं कडवं उरलं.

तोवर रनाळ्यात बातमी पोचली होती, की हेमकांतला मगनभाईंच्या थंड खोलीत ठेवलंय. बातमी खरीच होती. तुमची आत्या, कौसाफुई, टेम्पोभर बाया घेऊन आली आणि दार उघडताच तिने हंबरडा फोडला. समोर हेमकांत माईक धरून उभा. पण सुरू केलेलं रडणं अर्ध्यावर सोडणं अशुभ, म्हणून तिने ते त्याच्याकडे बघत, त्याचे सगळे गुण सांगत, पुरं केलं. तोही अदबीने ऐकत राहिला. मग म्हणाला, "फुई, हाई आधी कधी सांगं नही तू."

"तू आधी मरेल कोठे व्हता?"

तो हसला. हसताना गेलेला आवाज अजून परत आलेला नाही.

आपला,
नवनीत

ता. क. फुईचं रडणं रेकॉर्डिंगमध्ये आलंय, आणि भिला म्हणतो ते ठेक्यात आहे. फुईला पसंत नाही. म्हणते, "खरी येळले आखो चांगलं रडसू."

ता. क. दुसरा. तुम्हा दोघा भावांचा आवाज एकच. फोनवर फुईसुद्धा फसायची. तेवढं कडवं येऊन म्हणा. हेमकांतने वहीत लिहून मला बजावलंय, 'नानाला कळवू नको.' त्याच पानामागे त्यानेच कडवं उतरवलंय, तुम्हाला झेपेल त्या पट्टीत. पान सोबत जोडलंय.