कोबेचा ट्रे

५ मार्च २०१४, बुधवार. सकाळी ७.
ह्यांना रविवारी डिस्चार्ज. मी म्हटलंच होतं. डॉक्टर म्हणाले, आता औषधांपेक्षा आराम महत्त्वाचा. पटलं. तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये कुठला आराम? प्रतीक कॉरिडॉरमध्ये रडत होता. मुलगा पहिल्यापासून हळवा.
संकल्प: रविवारी चार वाजता चहा कोबेच्या ट्रेमधून. ह्यांची बोट १९८१ साली जपानला लागली, तेव्हा तिथल्या जुन्या बाजारातून आणलेला. बांबूचा, वर काळं लाखकाम, सोनेरी पानं. सोबत तसेच पेले, पाचच. दुकानदाराने एक कमी दिला, हे माझं मत कायम आहे. ट्रे पाहुण्यांसाठी जपला. त्या दर्जाचं कुणी आलं नाही.

७ मार्च
लाखेला चिरा. एसीमुळे, दुसरं काय. सून चैताली म्हणाली, आई, हात लावू नका, मी जाणकार माणूस शोधते. बांबूला जाणकार कशाला? सुपाला लिंपतात तशी मेथी भिजवून, वाटून लिंपली. पेल्यांनाही. दोन दिवसांत खडखडीत वाळेल.

९ मार्च, रविवार
हे घरी आले. पलंग हॉलमध्ये. नर्स रोज येणार, फक्त इंजेक्शनला. मेथी ओलीच. चहा स्टीलच्या पेल्यातून, चमच्याने. चार चमचे. हळूहळू कपावर आणायचं.

१२ मार्च
सिंगापुरात, त्यात ह्या वुडलँड्सच्या दमट हवेत काही वाळत नाही. ट्रे खिडकीत ठेवला. ह्यांनी विचारलं, त्यातून कधी देणार? सांगितलं, वाळू दे, पाहुण्यांचा आहे तो.
म्हणाले, "जयू, मी आता पाहुणाच आहे की गं."
असलं बोलायचं नाही, म्हणून बजावलं. येत्या रविवारी नक्की. आज चहा दोनच चमचे.

१४ मार्च
मेथीवर बुरशी. पुसली, तर सोनेरी पानं फडक्यावर आली. चैतालीने फडकं धुऊन वाळत घातलं. ते मला जास्त लागलं. पुन्हा लिंपण केलं. हे दिवसभर शांत झोपले. सुधारणा आहे.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.
काल पहाटे हे गेले.
घरात गॅस पेटवायचा नाही, म्हणून शेजारच्या स्मिताने चहाचा थर्मास आणला. बोटीवरचे जुने मित्र आले होते. त्या दर्जाची माणसं. प्रतीकने विचारलं, ट्रे काढू? म्हटलं, ओला आहे.
सगळ्यांना कागदी कपांतून दिला. स्मिताने एक माझ्या हातात ठेवला.
मी चमचा मागितला.